क्लेमची फाईल कोणी वाचायची?

गेल्या महिन्यात परळला एका परिसंवादाला गेलो होतो. सरकारी आरोग्य विम्याच्या दाव्यांची माहिती वैद्यकीय संशोधनासाठी खुली करावी का, असा विषय. व्यासपीठाच्या एका टोकाला बसलेले गृहस्थ ‘डेटा म्हणजे आजचं सोनं’ असं चार वेळा म्हणाले. (मी मोजलं. मोजायची सवय नोकरीबरोबर संपत नाही.) दुसऱ्या टोकाच्या बाईंनी ‘गरिबांवर पाळत’ हे शब्द साधारण तितक्याच वेळा वापरले. एकाला खाण दिसत होती, दुसरीला तुरुंग. मधे बसलेले अध्यक्ष दोघांकडे आळीपाळीनं बघून मान हलवत होते. दीड तास झाला, चहाची वेळ झाली, आणि क्लेमच्या फाईलमध्ये नेमकं काय असतं हे कोणीही सांगितलं नाही. मागच्या रांगेतल्या एका तरुणानं दोनदा हात वर केला होता. गळ्यातल्या ओळखपत्रावरून तो आरोग्यमित्र, म्हणजे सरकारी विमा योजनेचा रुग्णालयातला मदतनीस दिसत होता, म्हणजे त्या सभागृहात अशी फाईल रोज तयार करणारा बहुधा एकमेव माणूस. त्याला बोलायला मिळालं नाही.

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात अठ्ठावीस वर्षं काढली. केसपेपर लावणं, आकडे काढणं, कोर्टाचं समन्स आलं की फाईल घेऊन जाणं, उंदरांपासून इनडोअर पेपर वाचवणं, हे माझं काम. त्या अनुभवावरून माझं मत आधीच सांगून टाकतो. ही माहिती संशोधनासाठी वापरलीच पाहिजे. पण ज्या तऱ्हेनं ती ‘खुली’ करण्याच्या गप्पा चालल्या आहेत, त्या तऱ्हेनं नको. शिवाय वाद मुळात भलत्याच जागी अडला आहे. वापरावी की वापरू नये हा प्रश्न उरलेलाच नाही. ती रोज वापरली जाते. पैसे देणारा ती वाचतो, कारण त्याला जास्तीचं बिल पकडायचं असतं. पैसे घेणारा वाचतो, कारण त्याला पुढचं बिल बसवायचं असतं. जिच्या पोटावर टाके पडल्यामुळे ही फाईल जन्माला आली, तिच्या बाजूनं ती वाचणारं कोणी नाही. भांडायचंच असेल तर या तिसऱ्या वाचकावरून भांडावं: त्याला आत घ्यायचं का, कोणत्या दारानं, आणि बाहेर पडताना त्याच्या झोळीत काय असलेलं चालेल.

ज्यांनी ही फाईल कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. महाराष्ट्रात २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना मुंबईसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षअखेरीस राज्यभर पोचली आणि २०१७ पासून तिला महात्मा जोतीराव फुल्यांचं नाव आहे. २०१८ च्या सप्टेंबरात केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं संरक्षण घेऊन. पुढे राज्याच्या योजनेची मर्यादाही दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आणि ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली. पेशंट येतो तेव्हा दारापाशीच आरोग्यमित्राचं टेबल असतं. ‘मावशी, रेशनकार्ड आणलंय का? आधार?’ कार्ड तपासलं जातं, डॉक्टर आजाराला योजनेतल्या एखाद्या पॅकेजमध्ये, म्हणजे ठरीव रकमेच्या उपचारात बसवतात, रिपोर्ट अपलोड होतात, प्रीऑथ म्हणजे उपचाराआधी परवानगी मागणारा अर्ज जातो, मंजुरी येते, ऑपरेशन होतं, डिस्चार्ज होतो, क्लेम जातो, त्यावर शंका निघते, शंकेला उत्तर जातं, पैसे जमा होतात. या सगळ्यातून मागे उरतं ते वय, लिंग, गाव, रुग्णालय, निदान, पॅकेज, तारखा आणि रक्कम. दुखणं किती महिने अंगावर काढलं होतं, घरी गेल्यावर पेशंट जगला की नाही, हे त्यात नाही. ओपीडीतली गोळ्यांची चिठ्ठी त्यात नाही. फाईल हिशेबासाठी लिहिलेली आहे आणि हिशेबाला लागतं तेवढंच तिला ठाऊक आहे.

मग तिच्यातून वैद्यकाला काय मिळणार? डायलिसिसचं बघा. मूत्रपिंडं निकामी झालेला माणूस आठवड्यातून दोनदा-तीनदा येतो, चारेक तास मशिनला जोडलेला असतो, परत जातो. कसाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून दादरला उतरणारे असे कितीतरी जण मला चेहऱ्यानं पाठ होते. उपचार फुकट असतो. प्रवास फुकट नसतो, बुडालेली रोजी फुकट नसते, सोबत येणाऱ्या बायकोचा खाडा फुकट नसतो. योजनेच्या नोंदींत त्या माणसाच्या दाव्यांची एक माळ तयार होते: सोमवार, गुरुवार, सोमवार, गुरुवार. आणि एके दिवशी माळ तुटते. का तुटली? प्रत्यारोपण झालं? तो गेला? गावाजवळ केंद्र निघालं? की भाड्याचे पैसे संपले? हिशेबाच्या दृष्टीनं चारही उत्तरं सारखीच, कारण बिल येणं थांबलं. न आलेल्या बिलाची चिंता हिशेबनीस कशाला करेल? वैद्यकाच्या दृष्टीनं मात्र सगळा प्रश्न त्या तुटण्यातच आहे. कोणत्या तालुक्यातल्या माळा लवकर तुटतात, बायकांच्या पुरुषांआधी तुटतात का, पावसाळ्यात जास्त तुटतात का, केंद्र जवळ आलं की किती लांबतात, हे सगळं त्या तारखांमध्ये पडून आहे. त्या तारखांना मृत्युनोंदणीची जोड दिली की गेलेले कोण आणि उपचार सोडून बसलेले कोण, हे वेगळं काढता येतं. कोणाला नवी सुई टोचायला नको, नवं यंत्र नको. आमच्याकडे वॉर्डातून न सांगता निघून गेलेल्या पेशंटच्या कागदावर ‘ॲबस्कॉन्ड’ असा शेरा असायचा. म्हणजे फरार. खिशातले पैसे संपले म्हणून गाव गाठणारा माणूस रेकॉर्डवर गुन्हेगारासारखा राहायचा. तो शब्द मी इतक्या वेळा रजिस्टरमध्ये उतरवला आहे, की पुढेपुढे त्याचा अर्थ मनात उमटेनासा झाला. तो का गेला, हे विचारायचं खातंच नव्हतं.

रोग्यांच्या नोंदी एकत्र करून त्यातून शहाणपण काढणं मुंबईला नवीनही नाही. देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी याच शहरात १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीनं सुरू केली. नोंदणीची माणसं रुग्णालयं पालथी घालायची, महापालिकेच्या मृत्यूनोंदी बघायची, एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नावं ताडून पाहायची. मुंबईत कोणता कर्करोग वाढतोय आणि कोणता ओसरतोय हे आज ठामपणे सांगता येतं ते या कंटाळवाण्या कामामुळे. प्रत्येक रोग्याच्या घरी जाऊन त्याची सही घेतली असती तर ती नोंदणी पहिल्याच वर्षी बंद पडली असती. पण नोंदणी सांगते किती जणांना रोग झाला. टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पथारी टाकलेलं कुटुंब किती लांबून आलं, पहिल्या मंजुरीपासून ऑपरेशनपर्यंत किती दिवस गेले, केमोच्या किती फेऱ्या ठरल्या आणि कितव्या फेरीनंतर ते परतलं, हे क्लेमची फाईलच सांगू शकते. हे दोन कागद शेजारी ठेवून वाचायला बंदी असावी, असं म्हणणाऱ्यानं त्या फुटपाथवर उभं राहून तसं म्हणावं.

या माहितीचा दुसरा उपयोग अधिक बोचरा आहे, म्हणूनच बहुधा त्याबद्दल कोणी बोलत नाही. १९७३ साली अमेरिकेत संशोधक जॉन वेनबर्ग यांनी व्हरमाँट या छोट्या राज्यातल्या रुग्णालयांच्या नोंदी गावनिहाय मांडल्या. एका गावात बहुतेक मुलांचे टॉन्सिल काढलेले, शेजारच्या गावात जेमतेम पाचातल्या एकाचे. घसे तेच, हवा तीच, शस्त्रक्रियेची सवय निराळी. ही गोष्ट एकेका मुलाची फाईल वाचून कधीच कळली नसती, कारण एकेका फाईलमध्ये प्रत्येक ऑपरेशनला कारण लिहिलेलं असतंच. आपल्याकडे बीडच्या ऊसतोड बायकांचं काय झालं? २०१९ मध्ये बोभाटा झाल्यावर पाहणी झाली, तेव्हा सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. हे पत्रकारांनी आणि कार्यकर्त्यांनी फडावर आणि तांड्यांवर हिंडून बाहेर काढलं. यातल्या बऱ्याच शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यांत, उचल घेऊन, खिशातल्या पैशानं झालेल्या. त्या सरकारी दाव्यांत दिसल्या नसत्या, हे मी लपवत नाही. पण ज्या दिसतात त्यांचं काय? २०२४ च्या नोव्हेंबरात अहमदाबादच्या एका खाजगी रुग्णालयानं मेहसाणा जिल्ह्यातल्या एका गावात शिबिर भरवलं, १९ जणांना शहरात आणलं, सात जणांच्या सरकारी योजनेतून अँजिओप्लास्टी केल्या, दोघे दगावले. गावकरी चिडले, तोडफोड झाली, मग तपास लागला. एका रुग्णालयात अँजिओग्राफीनंतर अँजिओप्लास्टी होण्याचं प्रमाण शेजाऱ्यांच्या मानानं किती जास्त आहे, हे सांगायला माणसं मरावी लागतात का? तारखा आणि पॅकेज हातात असताना?

इथं कोणी म्हणेल, ही तर घोटाळे पकडण्याची गोष्ट झाली, ती यंत्रणा आहेच. आहे, पण ती पैशाचा वास घेत फिरते. न झालेल्या ऑपरेशनचं बिल तिला सापडतं. नीट झालेलं, नियमात बसलेलं, मंजूर झालेलं आणि मुळात नको असलेलं ऑपरेशन तिला सापडत नाही, कारण हिशेबाच्या भाषेत त्यात चूक काहीच नाही. ती चूक फक्त वैद्यकाच्या भाषेत दिसते.

आता विरोधकांचं म्हणणं. त्यातलं बरंच खरं आहे, आणि समर्थक ते कानाआड करतात म्हणूनच हा वाद नासला आहे.

पहिला आक्षेप, माहितीच घाण आहे. आहेच. २०२३ साली महालेखापरीक्षकांनी आयुष्मान योजनेचा अहवाल दिला, त्यात साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थ्यांपुढे एकच मोबाईल नंबर सापडला: दहा वेळा नऊ. नोंदीत आधीच मृत दाखवलेल्या तीन हजारांवर रोग्यांच्या उपचारांचे पैसे चुकते झालेले आढळले. लाभार्थी ठरवण्यात मोबाईल नंबरचा काही संबंध नसतो, असा खुलासा केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं केला, आणि तो खराही असेल. पण ज्या रकान्याशी कोणाच्या पैशाचा संबंध नसतो तो रकाना कसा भरला जातो, याचा इतका बोलका पुरावा शोधून सापडणार नाही. उलट ज्या रकान्यावर पैसा अवलंबून असतो तिथं निदान पॅकेजच्या दिशेनं झुकतं. जो संशोधक हे जाणत नाही त्याच्या हातात ही फाईल देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. पण म्हणून ती न वाचणं हा उपाय कसा? लेखापरीक्षकांनी वाचली म्हणूनच घाण दिसली ना? रेकॉर्ड विभागात एक साधा नियम होता: जे कागद कोणी मागत नाही ते सगळ्यात वाईट लिहिलेले असतात. आपण लिहिलेलं पुढे कोणी वाचणार आहे हे कळलं की हाउसमनचं, म्हणजे शिकाऊ डॉक्टरचं अक्षरसुद्धा सुधारायचं. शिवाय सगळे रकाने सारखे खोटे नसतात. निदान वाकवता येतं. माणूस गुरुवारी मशिनवर होता की नव्हता, ही नोंद वाकवायला अधिक कठीण जाते. कोणता प्रश्न या माहितीला विचारायचा आणि कोणता विचारायचा नाही, एवढी पारख संशोधकाला हवी.

समर्थकांचं आवडतं उदाहरण नेमकं न विचारायच्या प्रश्नाचं आहे. व्हायॉक्स हे सांधेदुखीचं औषध २००४ च्या सप्टेंबरात कंपनीनं बाजारातून मागे घेतलं. त्यानं हृदयविकाराचा धोका वाढतो, याचा एक भक्कम पुरावा अमेरिकेतल्या एका विमा-रुग्णालय संस्थेच्या सुमारे १४ लाख सभासदांच्या नोंदींतून आला होता. परिसंवादातल्या गृहस्थांनी हे रंगवून सांगितलं. त्यांनी हे सांगितलं नाही, की त्या संस्थेकडे प्रत्येक सभासदानं चिठ्ठीवर घेतलेल्या औषधांची नोंद होती. आपल्या योजनांचे दावे भरती झालेल्या रोग्यांचे. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून चिठ्ठीविना घेतलेली पट्टी त्यात कुठून येणार? तेव्हा आपल्या दाव्यांतून औषधांचे दुष्परिणाम कळतील, असं आज जो सांगतो तो माल विकायला बसला आहे. तैवानचं उदाहरण त्यांनी द्यायला हवं होतं. तिथं १९९५ पासून जवळजवळ सगळ्या जनतेचा एकच राष्ट्रीय आरोग्य विमा आहे आणि त्यात औषधंही येतात. हेपटायटिस बीमुळे यकृताचा कर्करोग होऊन शस्त्रक्रिया झालेल्यांना विषाणूविरोधी औषध दिलं तर कर्करोग उलटण्याचं प्रमाण कमी दिसतं, हे २०१२ साली तिथल्या संशोधकांनी दाव्यांतूनच दाखवलं. तैवानकडे मी पुन्हा येणार आहे, कारण त्याची दुसरी बाजूही आहे.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा, आणि इथं समर्थक सर्वांत बेफिकीर आहेत. ‘नाव काढून टाकतो ना, मग झालं!’ काही झालं नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं आपल्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याची माहिती नावं गाळून संशोधकांना दिली. लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीनं वीस डॉलरला गावची मतदारयादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवले, आणि खुद्द राज्यपालांची वैद्यकीय नोंद शोधून काढली. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन सरकारनं २९ लाख नागरिकांच्या वैद्यकीय बिलांची नावं गाळलेली माहिती सरळ इंटरनेटवर ठेवली. मेलबर्नच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तिच्यातली फट दाखवल्यावर ती महिन्याभरातच काढून घ्यावी लागली. आपल्याकडे हा धोका उलट्या अंगानं येतो. परळच्या पिनकोडात माणसांची इतकी गर्दी, की पंचेचाळीस वर्षांची एक बाई त्यात विरघळून जाते. मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर त्या वर्षी हृदयाची झडप बदललेली बाई एकच असते. मुंबईकराला गर्दी लपवते, पाड्यावरच्या माणसाला लपवायला काहीच नाही, आणि योजना तर त्याच्यासाठीच आहे. त्यात भर आपल्या शिस्तीची: २०२२ साली दिल्लीच्या एम्सचे संगणक हल्लेखोरांनी कित्येक दिवस ठप्प केले, २०२३ मध्ये कोविन पोर्टलमधली लस घेतलेल्यांची माहिती टेलिग्रामवर फिरत असल्याच्या बातम्या आल्या.

म्हणून ‘खुली करा’ हा शब्दच मला मान्य नाही. रेकॉर्ड विभागात डॉक्टर फाईल मागायला आले की आम्ही त्यांना ती घरी नेऊ देत नसू. टेबल, खुर्ची, पंखा. इथं बसा, वाचा, टिपणं काढा, फाईल परत. संगणकाच्या जमान्यात हेच शक्य आहे आणि ते झालेलं आहे. २०२० साली साथीच्या धामधुमीत इंग्लंडमध्ये ओपनसेफली नावाची व्यवस्था उभी राहिली. तिच्यात माहिती संशोधकाकडे जात नाही. संशोधक आपला प्रोग्रॅम लिहून पाठवतो, माहिती जिथं आहे तिथं तो चालतो आणि बाहेर येतात ते फक्त तक्ते. कोणी कोणता प्रश्न विचारला, याचीही नोंद सगळ्यांना दिसते. पेन ड्राइव्हवर कोट्यवधी दावे घेऊन कोणी फिरत नाही. यानं आणखी एक काम साधतं. २०२० मध्येच लॅन्सेटसारख्या नामवंत नियतकालिकात कोविडसाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा एक अभ्यास आला, शेकडो रुग्णालयांच्या माहितीवर आधारलेला म्हणून. दोन आठवड्यांत तो मागे घ्यावा लागला, कारण ती माहिती एका खाजगी कंपनीकडे होती आणि ती तपासायला कोणालाच मिळेना. माहिती एकाच जागी, एकाच कुलपात, पण किल्लीसाठी अर्ज कोणत्याही पात्र अभ्यासकाला करता यावा, असं असलं तर एकानं काढलेला निष्कर्ष दुसऱ्याला तपासून बघता येतो.

तिसरा आक्षेप संमतीचा. परिसंवादातल्या बाईंचं म्हणणं, प्रत्येक रोग्याची आगाऊ संमती घ्या. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण संमती घेणार कोण आणि केव्हा? आरोग्यमित्राच्या टेबलावर, मागे स्ट्रेचरवर नवरा कण्हत असताना? ‘ताई, इथं अंगठा लावा.’ ती कुठंही लावेल. त्या क्षणी तिला संपूर्ण घर लिहून मागितलं तरी देईल. अशा अंगठ्याला संमती म्हणणं ही तिची थट्टा आहे, आणि पुढे काही बिनसलं की ‘तुम्हीच दिलीत ना’ म्हणायला तोच अंगठा दाखवला जाणार. मला त्याऐवजी नकाराचा हक्क महत्त्वाचा वाटतो. बरं होऊन घरी गेल्यावर, डोकं ठिकाणावर असताना, मिस्ड कॉल देऊन किंवा ग्रामपंचायतीत सांगून ‘माझी फाईल अभ्यासात नको’ म्हणता यावं, आणि तसं म्हटल्यानं पुढच्या उपचारात काडीचा फरक पडू नये. तैवानची दुसरी बाजू ती हीच. तिथं नागरिकांना असा नकार देता येत नव्हता; मानवी हक्क कार्यकर्ते कोर्टात गेले, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं संशोधनाला हरकत घेतली नाही, पण बाहेर पडण्याचा मार्गच नसणं घटनाबाह्य ठरवलं आणि कायदा सुधारायला तीन वर्षं दिली. मला तो निकाल आपल्या अनेक चर्चांपेक्षा शहाणा वाटतो.

नकाराचा हक्क दिला की लोक धडाधड बाहेर पडतील आणि अभ्यास लंगडे होतील, ही भीती खोटी नाही. इंग्लंडनंच २०१४ मध्ये घाईघाईनं पत्रकं वाटून सगळ्या दवाखान्यांतल्या नोंदी गोळा करायचा घाट घातला. त्याच सुमारास रुग्णालयांची जुनी माहिती विमा हिशेबतज्ज्ञांच्या एका संस्थेकडे गेल्याचं बाहेर आलं. लोक बिथरले, योजना थांबली आणि २०१६ मध्ये गुंडाळली गेली. २०२१ मध्ये पुन्हा तसाच प्रयत्न झाला, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांनी नाव काढून घेतलं. पण यात दोष हक्काचा की फसवणुकीच्या वासाचा? मुंबईला तर हे इंग्लंडकडून शिकायची गरजच नाही. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. सरकारनं घरं शोधायला, संशयितांना उचलून रुग्णालयात न्यायला सुरुवात केली. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. आज तेच कस्तुरबा रुग्णालय. लोक रोगी माळ्यावर लपवू लागले, प्रेतं रात्रीची बाहेर काढू लागले, लाखो लोक शहर सोडून गेले आणि रोग सोबत घेऊन गेले. सरकारच्या वहीत प्लेगचे आकडे तेव्हा किती खरे उतरले असतील? त्याच शहरात, त्याच साथीत शास्त्रज्ञ हाफकिननी १८९७ च्या जानेवारीत लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेले आणि न टोचलेले कैदी शेजारीशेजारी मोजून तिचा गुण दाखवला. (कैद्यांच्या संमतीबद्दल आज आपण वेगळं बोलू, आणि बोलायला हवं.) एखादी वस्तीच्या वस्ती आपलं नाव काढून घेत असेल, तर तो अभ्यासातला अडथळा नसून अभ्यासाचा पहिला निष्कर्ष आहे: या वस्तीचा तुमच्यावर विश्वास नाही. जबरदस्तीनं गोळा केलेली माहिती तो निष्कर्ष झाकून टाकते.

विश्वास मात्र भाषणांनी येत नाही, कायद्यानं येतो. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संशोधनाला सूट देतो. एखाद्या विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घ्यायला ती माहिती वापरायची नाही, आणि ठरलेली मानकं पाळायची, एवढ्या अटीवर. अट चांगली आहे. पण सुव्यवस्थेच्या कारणासाठी तोच कायदा सरकारला आपल्याच यंत्रणांना त्यातून वगळू देतो. मग एचआयव्हीची, गर्भपाताची, मनोरुग्णालयातली नोंद कोणाच्या टेबलावर जाईल, ही भीती कशी जावी? याचं उत्तर आपल्याच कपाटात आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याचं पंधरावं कलम म्हणतं, की जनगणनेच्या नोंदी पाहायचा हक्क कोणालाही नाही, आणि याच कायद्याखालच्या गुन्ह्याचा खटला सोडला तर दिवाणी वा फौजदारी खटल्यात त्या पुरावा म्हणून चालणार नाहीत. स्वतंत्र भारताच्या अगदी पहिल्या कायद्यांपैकी एक, फाळणीच्या जखमा ओल्या असतानाचा. प्रगणकाला खरं सांगितलं म्हणून पोलीस दारात येणार नाहीत, हे तेव्हाच्या लोकप्रतिनिधींना लिहून द्यावंसं वाटलं. संशोधनासाठी बाजूला काढलेल्या आरोग्य नोंदींना हेच संरक्षण हवं, शब्द बदलून नव्हे, याच शब्दांत. विमा कंपनी, मालक, पोलीस, पक्ष, कोणालाही नाही. ते मिळेपर्यंत विरोधकांनी अडवून धरलं तर मी त्यांच्या बाजूला बसेन.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत खोल वाटतो: प्रयोगाला गरिबांचीच माहिती का? पॉलिसीवाल्यांच्या क्लेमना कोणी हात लावत नाही, जनरल वॉर्डातल्यांची फाईल मात्र सर्वांना हवी. बरोबर आहे. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी मांडलेली तक्रार आठवा: महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावर तो खर्च होतो वरच्यांच्या. आज त्यांच्याच नावाच्या योजनेत घाम, रक्त आणि टाके रयतेचे, आणि त्यातून निघणारं ज्ञान कोणाचं, हा प्रश्न त्यांनी पहिला विचारला असता. पण जोतीरावांनी त्यावर रयतेनं शाळेपासून दूर राहावं असं म्हटलं नाही. शाळा रयतेपर्यंत आणा म्हणाले. खाजगी विम्याचे दावेही याच नियमांखाली, याच टेबलावर यावेत. कॉर्पोरेट रुग्णालयातली सिझेरियन आणि पालिकेच्या प्रसूतिगृहातली सिझेरियन एका तक्त्यात मांडल्या, की कोणाला कोणाकडून काय शिकायचंय ते दिसेल. आणि ज्या जिल्ह्याच्या फाईली वाचल्या, त्या जिल्ह्यात निष्कर्ष मराठीत परत गेले पाहिजेत, जिल्हा परिषदेत वाचले गेले पाहिजेत. इंग्रजी नियतकालिकात छापून आलेला तक्ता कसाऱ्याच्या लोकलमध्ये पोचत नाही.

परिसंवाद संपल्यावर खाली चहाच्या टपरीवर तो आरोग्यमित्र भेटला. काय विचारायचं होतं, असं मी त्याला विचारलं. त्यानं पाठीवरच्या सॅकमधून एक शाळकरी वही काढली. डायलिसिसचे पेशंट यायचे थांबले, की तो त्यांची नावं मागच्या पानांवर लिहितो आणि सवड मिळाली की फोन लावतो. हे त्याचं काम नाही, कोणी सांगितलेलं नाही. काही नावांपुढे ‘गेले’ लिहिलेलं होतं. काहींपुढे ‘गावी’. एकापुढे ‘बायको बाळंत’, दोघा-तिघांपुढे ‘पैसे’. बऱ्याच नावांपुढे काहीच नव्हतं, नुसता नंबर.

‘काका, ही वही मी कोणाला दाखवू का?’

कोणालाही दाखवू नकोस, मी म्हणालो. आणि फेकूही नकोस.